मर्वचं बोट आणि कोराडोचा पाय

नोन्ना गेली ती गुरुवारी, ऐन तालमीत. आधी करकर झाली, मग जळक्या रबराचा वास सुटला, मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि संपलं.

नोन्ना म्हणजे मर्व हॉस्किंगचा बास गिटारचा अँप, आवाज मोठा करणारी पेटी. माणसाच्या छातीला लागेल एवढं ते धूड, आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या, उचलायला दोन गडी लागायचे. बंदरावरच्या इटालियन पोरांनी त्याला नोन्ना, म्हणजे आजी, असं नाव दिलं होतं, आणि ते काही उगाच नाही. आजी नातवंडांची पापं पोटात घालते ना, तसा तो अँप मर्वच्या चुका पोटात घालायचा. तार नीट दाबली गेली नाही, नख घासलं, सूर अंमळ उशिरा आला, तरी नोन्ना आपल्या जाड, घुमणाऱ्या आवाजात सगळं गुंडाळायची आणि लोकांपुढे ठेवायची. लोक म्हणायचे, वा, काय गोडवा आहे मर्वच्या हातात!

"देव तिच्या आत्म्याला शांती देवो," ड्रमच्या मागून कोराडो मिनर्विनी म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस काढला.

सगळे हसले. मर्वला हसू आलं नाही. रविवारी होड्यांचा सण होता. त्याने डावा हात पँटच्या खिशात घातला आणि नळ्या गार होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

त्या डाव्या हातातच सगळी गोम होती. करंगळीशेजारचं बोट ऐकेनासं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली तेव्हा बशीत कप वाजायला लागला, तर मर्व म्हणाला बशी वाकडी आहे. मग बोट तारेवर पडायच्या आधी थरथरायला लागलं. कधी पडायचं, कधी पडायचंच नाही, आणि कधी एका सुराला दोनदा टेकायचं. गेल्या उन्हाळ्यात तो अॅडलेडला जाऊन डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं, हे वाढत जाणार हेही सांगितलं. घरी ग्लेनिसला, म्हणजे बायकोला, त्याने चष्म्याचं निमित्त सांगितलं होतं, आणि थाप निभावायला एक चष्मा खरोखरच करून आणला. डोळे चांगले ठणठणीत असलेला माणूस तेव्हापासून पेपर वाचताना नाकावर चष्मा चढवतो आणि त्याच्या वरून बघतो. गावात एवढा खोटेपणा कुणी इतक्या कष्टाने केला नसेल.

पण लपवायचं कशाला, असं कुणी विचारील. त्याला कारण होतं व्हीतो. व्हीतो आमच्या पोर्ट हॅल्डनच्या मच्छीमार क्लबात अकॉर्डियन वाजवायचा. त्याचे सांधे धरले, तर क्लबाने त्याला काय प्रेमाने वागवलं म्हणता! केक कापला, पितळी पाटी दिली, बायका रडल्या. पुढच्याच शुक्रवारपासून व्हीतो दाराजवळच्या टेबलावर बसायला लागला, तिकिटं फाडत. क्लबात सोडत निघते, जिंकणाऱ्याला मटणाचा ट्रे मिळतो, त्याची तिकिटं. अजून तिथेच आहे. येणारा जाणारा खांद्यावर थोपटतो आणि पुढे जातो. वाजवायला त्याला परत कुणी बोलावलं नाही. मर्वने भट्टीच्या कारखान्यात अख्खी उमर शिसं ओतलं, पण त्या तिकिटांच्या टेबलाएवढी धास्ती त्याला भट्टीचीही वाटली नव्हती.

म्हणून गप्प राहायचं. आणि नोन्ना होती तोवर गप्प राहणं जमत होतं.

उलट तालमीत मर्वचाच आवाज चढा असायचा. चिडायला हक्काचा माणूस होता कोराडो. दोघे कारखान्यात एका पाळीला होते, एका बँडमध्ये म्हातारे झाले. ड्रमवाल्याचा पाय आणि बासवाल्याचा हात म्हणजे एका बैलगाडीची दोन चाकं, पण अलीकडे कोराडोचा पाय बिघडला होता. ज्या गाण्यात पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचे मोजके ठोके पडायचे, तिथे हा मधेच जास्तीचे घालायचा. कधी इथे, कधी तिथे, ना ताल ना तंत्र.

"तुझा पाय आहे की मुसळ?" मर्व सगळ्यांसमोर म्हणायचा. "एवढं मोठं ढेरपोट झालंय, पायावर ताबा राहील कसा?"

"वय झालं रे," कोराडो म्हणायचा आणि टॉवेलने मान पुसायचा. एकदाही उलटून बोलला नाही. हा माणूस फुटबॉलच्या पंचाला तीन गल्ल्या ऐकू जाईल अशा शिव्या देणारा, बरं का.

शुक्रवारी मर्वने ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. एखादा जुना, नळ्यांचा अँप मिळतो का? एकाचा विकला गेला होता, एकाच्यात उंदरांनी घर केलं होतं. शनिवारी दुपारी कोराडोची मुलगी मरीसा अॅडलेडहून आली. तिकडे ती मोठमोठ्या कार्यक्रमांचा साउंड बघते. तिच्या एका हातात आईसाठी फुलं होती आणि दुसऱ्या हातात एक काळी पेटी, पावाच्या टोपलीएवढी.

"मर्वकाका, हे घे. तुझी नवीन नोन्ना."

"ही? हिला तर मी खिशात घालून नेईन."

"आवाज ऐक मग बोल. एकदम पारदर्शक आहे. स्वतःचं काही म्हणजे काही घालत नाही. ना जाडपणा, ना गुरगुर. तुझी बोटं जे करतील ते, तेवढंच, तसंच्या तसं बाहेर येणार."

"म्हणजे चुगलखोर आहे."

मरीसा खळखळून हसली. "अरे, खिडकीची काच लख्ख पुसली की बाहेरचं दिसतं की नाही? तसं."

"आणि बाहेर उकिरडा असला तर?"

"तर उकिरडा दिसेल, काका. काचेने काय करायचं?"

मर्वला घाम फुटला. सप्टेंबर महिना, आमच्याकडे नुकताच हिवाळा सरलेला, खाडीवरून गार वारा येत होता, आणि हा घामाने भिजलेला. गिटारमध्ये वायर खोचण्याआधी तो क्लबाच्या स्वयंपाकघरात गेला. भांडी घासायचा स्पंज घेतला, कापला आणि तारांच्या खाली, त्या जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीजवळ, दाबून बसवला. जुने बासवाले असं करायचे, त्याने सूर घुमत नाही, लवकर विझतो. मर्वला वाटलं, तेवढीच थरथर झाकली जाईल.

झालं उलटंच. पहिलंच गाणं सुरू झालं आणि त्या टोपलीएवढ्या पेटीने त्याची सगळी लक्तरं भिंतीवर टांगली. तारेवर घासलेलं नख ऐकू आलं. थरथरत्या बोटाने एका सुराला दोनदा टेकलेलं ऐकू आलं, टकटक, दारावर कुणी वाजवावं तसं. आणि जिथे बोट पडलंच नाही, तिथे चक्क भोक. स्पंजने आधीचा सूर मारून टाकलेला, त्यामुळे भोक आणखीच मोठं. मर्वने टोनचं बटण पार डावीकडे पिळलं. भोक बुजेना. आवाज तेवढा मेल्यासारखा झाला.

मरीसाने हात वर करून गाणं थांबवलं. तिची भुवई वर गेली होती. "काका, तिथे काहीतरी सुटलं का? दुसऱ्या कडव्यात? आणि स्पंज कशाला लावलायस?"

सगळ्यांनी मर्वकडे बघितलं. त्याच्या छातीत इतकं धडधडत होतं की तेही त्या अँपमधून ऐकू येईल असं त्याला वाटलं. आणि मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं.

"माझं काही सुटत नाही. तुझ्या बापाला विचार. मधेच धम्म करून पाय आपटतो, मी गडबडतो. दोन वर्षं सांगतोय, ऐकतो कुठे!"

मरीसा बापाकडे वळली. "बाबा, खरंच. तू भलत्याच ठिकाणी मारतोयस. हे ठोके गाण्यात नाहीतच."

कोराडोने काठ्या ढोलावर आडव्या ठेवल्या. मग म्हणाला, "हो, माझंच चुकतं. उद्या सांभाळीन."

मर्वने स्पंज काढून खिशात कोंबला आणि बायको वाट बघतेय म्हणून निघून आला. वाटेत मॅगपाय पक्ष्याने त्याच्या टकलावर झडप घातली. घरटी करायचे दिवस, हे पक्षी कुणालाच सोडत नाहीत. मर्व एरवी टोपी फिरवून ओरडला असता, पण आज त्याला वाटलं, बरं झालं, हेच पाहिजे आपल्याला. कोराडोचा उतरलेला चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. तरीही, लाज वाटते सांगायला, त्याहून मोठी काळजी त्याला उद्याची होती.

कारण उद्या विधवांचा नाच होता.

सणाच्या दिवशी मदोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती होडीतून फिरवून देवळात परत नेली की सगळं गाव क्लबात जमतं, आणि पहिला नाच त्या बायकांचा असतो ज्यांचा नवरा समुद्राने किंवा म्हातारपणाने नेला. तो नाच एकटा बास सुरू करतो. दुसरं काही वाजायचं नाही, टाळी नाही, खोकला नाही. बंदरात उभ्या होडीचं इंजिन जसं हळू चालू असतं तसा बास चालू ठेवायचा, आणि बायका एकेक करत मैदानात, म्हणजे क्लबाच्या मधल्या मोकळ्या जागेत, उतरणार. सगळ्यात वडील बाईच्या हातात पांढरा रुमाल असतो. तिने तो वर केला की मगच ढोल पडायचा. त्याच्या आधी ढोल वाजवणं म्हणजे अंत्ययात्रेत शिट्टी वाजवण्यासारखं. आमच्या आठवणीत तसं कधी घडलेलं नव्हतं.

सध्या रुमाल असतो अस्सुंताबाईंकडे. कोराडोची आई. नव्वदीच्या घरातली, चिमणीएवढी, आणि तिच्यापुढे कोराडोसारखा बैलही मांजर होतो.

तर एकटा बास. लपायला नोन्ना नाही, ढोलाचा गलका नाही, आणि समोर तो चुगलखोर अँप. मर्वने सकाळी ग्लेनिसला सांगून बघितलं की पोट बिघडलंय. ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं, न्याहारीच्या ताटातली सगळी सॉसेज संपलेली बघितली, आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट आणून दिला.

क्लब खचाखच भरला होता. तळलेल्या गारफिशचा वास, बियर, लहान पोरं टेबलांखाली. दाराजवळ व्हीतो तिकिटं फाडत होता. मर्व आत आला तेव्हा व्हीतोने मान वर करून, "आज ऐकव रे," म्हटलं. मर्वने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे गेला. दोन पावलांवर त्याला कळलं आपण काय केलं ते.

दिवे थोडे मंद केले. गलका आपोआप थांबला. मैदानाच्या कडेला काळे कपडे घातलेल्या बायका उभ्या राहिल्या, पुढे अस्सुंताबाई, मुठीत रुमाल. मरीसा मागच्या टेबलावरून अंगठा दाखवत होती. कोराडो ड्रमच्या मागे बसला होता, दोन्ही हात मांडीवर, काठ्यांना त्याने बोटही लावलेलं नव्हतं.

मर्वने सुरुवात केली.

पहिली ओळ गेली. प्रत्येक सूर काचेसारखा स्वच्छ, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या बोटाची थरथर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एक बाई मैदानात आली. दुसरी ओळ गेली. आणखी दोघी आल्या. चपला फरशीवर घासत होत्या. मर्व मनातल्या मनात त्या बोटाची विनवणी करत होता. बाबा रे, आजचा दिवस. फक्त आजचा दिवस, मग तू म्हणशील तसं.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट थांबलं. तारेच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, नुसतं कापत राहिलं. सूर पडला नाही. त्या अँपने काहीच झाकलं नाही. शांतता जशीच्या तशी सगळ्यांपुढे ठेवली. मैदानातल्या एका बाईचं पाऊल उचललेलं होतं ते तसंच राहिलं.

आणि त्या भोकात, अगदी बरोबर त्या जागी, धम्म.

कोराडोचा पाय.

क्षणभर कुणाला कळलंच नाही काय झालं. मग अख्ख्या क्लबाने श्वास ओढला. रुमाल अजून अस्सुंताबाईंच्या मुठीत होता.

"कोराडो!" म्हातारी वळली. एवढ्याशा देहातून एवढा आवाज! "लाज नाही वाटत? तुझा बाप या नाचात आठवायचा, आणि तू ढोल बडवतोस?"

"चुकलं, आई." कोराडो उभा राहिला. मान खाली, कान लालभडक. "पाय घसरला माझा."

"दुपारपासून ढोसतोय वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्या पायाला दावं बांधा!" हशा पिकला. मरीसाने कपाळाला हात लावला.

मर्व हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो कोराडोच्या पायाकडे बघत होता. नोन्ना असताना सूर आणि ढोल एकमेकांत कालवले जायचे, कुठलं काय ते समजायचं नाही. आज सगळं वेगवेगळं, धुतल्यासारखं ऐकू आलं होतं. आणि त्याला एकदम कालची तालीम आठवली, दुसऱ्या कडव्यातलं भोक, आणि त्या भोकातला धम्म. त्याच्या मागची तालीम आठवली. दोन वर्षांतले ते सगळे भलत्याच ठिकाणचे ठोके आठवले, ज्यांच्यावरून त्याने चारचौघांत या माणसाची टर उडवली होती. त्यातला एकही भलत्या ठिकाणी पडलेला नव्हता. जिथे जिथे मर्वचं बोट चुकलं, तिथे तिथे कोराडोने पाय घातला होता. वर शिव्या खाल्ल्या होत्या, पोरीच्या देखत चूक कबूल केली होती, आणि आता आईच्या देखत.

"पुन्हा," अस्सुंताबाई म्हणाली. "पहिल्यापासून. आणि तू हात-पाय आवर."

क्लब पुन्हा शांत झाला. कोराडो बसला. त्याने मर्वकडे एकदाच बघितलं. वाजव, मी आहे, असं काहीतरी त्या नजरेत होतं. म्हणजे हा पुन्हा मारणार! आईने तोंडात शेण घातलं तरी हा गाढव पुन्हा पाय मारणार, आणि पुन्हा सगळं अंगावर घेणार.

मर्वला रडू फुटायचं बाकी होतं. त्याने तारांवरचा हात काढला आणि मायक्रोफोन पुढे ओढला. दाराजवळ व्हीतो तिकिटांचं पुस्तक घेऊन उभा होता. मर्वला तो दिसला, आणि तरीही तो बोलला.

"अस्सुंताबाई, पाय त्याचा नाही घसरला. सूर माझा पडला नाही." त्याने डावा हात दिव्यापुढे धरला. हात काही लाजला नाही, सगळ्यांसमोर हवा तेवढा कापला. "हे असं आहे. दोन वर्षं झाली. हे मागे बसलेलं बेणं माझी भोकं बुजवत होतं आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो."

ग्लेनिस पुढच्या टेबलापाशी उभी राहिली होती, हात तोंडावर. मरीसा बापाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मर्वला वाटलं, आता केक येणार. आता पितळी पाटी येणार.

अस्सुंताबाई लुटुलुटु चालत स्टेजपाशी आली. तो हात तिने मासा बघावा तसा जवळून बघितला.

"माझे दोन्ही कापतात," ती म्हणाली. "नाचते ना मी?" मग तिने मुलाकडे बोट केलं. "तू. तिथे बसून काय बघतोस? त्याच्याबरोबर वाजव."

"आई, रुमाल..."

म्हातारी मैदानाच्या मध्यावर गेली, आपल्या बायकांत उभी राहिली, आणि एकही सूर वाजायच्या आधी तिने रुमाल डोक्यावर उंच धरला. "हा घे रुमाल. मला काय रात्रभर उभं करताय?"

मर्व ड्रमकडे सरकला, इतका जवळ की त्याची ढोपरं ढोलाला लागली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"तू माझ्या पायाला शिव्या द्यायला लागलास ना, त्याच्या आदल्या शुक्रवारपासून."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू बोललास का?" कोराडोने टॉवेलने डोळे पुसले, आणि वर मानही पुसली, म्हणजे घामच होता असं दाखवायला. "हळू मारू ना? लोक ऐकतायत."

मर्वने खिशात राहिलेला कालचा स्पंजाचा तुकडा काढून स्टेजच्या मागे फेकून दिला. टोनचं बटण पूर्ण उघडलं. बोटं तारेवर ठेवली. ते एक बोट कापत होतं.

"नाही," तो म्हणाला. "पाय जरा जड पडू दे."